मर्यादा घालणाऱ्याने कारण द्यावं: व्यक्तिस्वातंत्र्याबद्दल एका वकिलाचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: "सज्ञान माणसाला आपल्या आयुष्याचे निर्णय स्वतः घेण्याचा हक्क आहे, असं संविधान सांगतं. पण घरात आणि समाजात पावलोपावली ऐकावं लागतं की स्वातंत्र्यालाही मर्यादा असते. ही मर्यादा नेमकी कुठे असते, आणि ती ठरवण्याचा अधिकार कोणाला?"

मी बरीच वर्षं कौटुंबिक आणि फौजदारी न्यायालयांत वकिली करते आहे. या प्रश्नाचं पुस्तकी उत्तर एका वाक्यात देता येतं. १७८९ च्या फ्रेंच जाहीरनाम्याच्या चौथ्या कलमात ते आहेच: दुसऱ्याला अपाय होणार नाही असं काहीही करता येणं म्हणजे स्वातंत्र्य. आपल्याकडे तेच जरा सोपं करून सांगतात की तुमचा हात फिरवायचं स्वातंत्र्य माझ्या नाकापाशी संपतं. वाक्य खरं आहे. पण माझ्यासमोर येणाऱ्या भांडणांत ते फारसं उपयोगी पडत नाही, कारण तिथे प्रत्येक जण आपलं नाक पुढे करून उभा असतो. मुलीने जातीबाहेर लग्न केलं तर वडील म्हणतात, माझी अब्रू गेली. कोणी लेख लिहिला तर एखादी संघटना म्हणते, आमच्या भावना दुखावल्या. सून नोकरीला लागली तर सासू म्हणते, घराची घडी मोडली. सगळ्यांनाच अपाय झालेला असतो आणि बहुतेकांना तो मनापासून जाणवतही असतो.

त्यामुळे खरे प्रश्न दोन उरतात. कोणता अपाय मोजायचा, आणि तो सिद्ध कोणी करायचा? माझ्या मते दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. आपल्याकडे स्वातंत्र्य वापरणाऱ्यालाच विचारलं जातं की तुला हे का करायचं आहे, गरज काय आहे. खरं तर ज्याला आडकाठी घालायची आहे त्याने कारण द्यायला हवं, आणि ते कारण तपासून घेता आलं पाहिजे. मला या विषयावर जे सांगायचं आहे त्याचा गाभा एवढाच.

हे मी मनाने सांगत नाही. भारतीय घटनेचा ७५ वर्षांचा प्रवास बराचसा याच दिशेने झाला आहे, आणि तो सरळ रेषेत झालेला नाही. १९५० मध्ये कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या स्थानबद्धतेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अनुच्छेद २१ चा, म्हणजे जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचा, अगदी अरुंद अर्थ लावला. संसदेने केलेला कायदा आहे आणि त्यातली पद्धत पाळली आहे, एवढं दिसलं की पुरे. ती पद्धत न्याय्य आहे की नाही हे न्यायालय पाहणार नाही. पुढच्याच वर्षी पहिल्या घटनादुरुस्तीने अभिव्यक्तीवर निर्बंध घालण्याची कारणं वाढवली, पण त्याच दुरुस्तीने अनुच्छेद १९(२) मधल्या निर्बंधांना 'वाजवी' ही अटही जोडली. त्या एका शब्दाच्या आधारावर वकिलांच्या कैक पिढ्यांनी युक्तिवाद केले आहेत. निर्बंध वाजवी असायला हवा म्हटल्यावर तो वाजवी आहे का, हे कोणीतरी तपासणं ओघानेच आलं.

मोठं वळण आलं ते एका पासपोर्टामुळे. जुलै १९७७ मध्ये मेनका गांधी यांना पत्र आलं की 'सार्वजनिक हितासाठी' तुमचा पासपोर्ट जप्त करण्याचं सरकारने ठरवलं आहे, तो सात दिवसांत जमा करा. त्यांनी कारण विचारलं. सरकारने उत्तर दिलं की कारण सांगणंही सार्वजनिक हिताचं नाही. जानेवारी १९७८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की स्वातंत्र्य काढून घेण्याची पद्धत न्याय्य, उचित आणि वाजवी असली पाहिजे. ती लहरी असून चालणार नाही, आणि ज्याचं स्वातंत्र्य जातं त्याला आपलं म्हणणं मांडायची संधी मिळाली पाहिजे. सरकारने सुनावणी देण्याची तयारी दाखवल्यामुळे आदेश तिथल्या तिथे रद्द झाला नाही, हेही सांगायला हवं. पण पुढच्या जवळजवळ प्रत्येक प्रकरणाचा पाया त्या निकालाने घातला.

कारण विचारायची सोयच नसेल तर काय होतं, ते त्याच्या दोनच वर्षं आधी दिसलं होतं. आणीबाणीत एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी ठरवलं की अनुच्छेद २१ स्थगित असताना स्थानबद्ध माणसाला न्यायालयात दादच मागता येणार नाही. सुनावणीत न्या. हंसराज खन्ना यांनी विचारलं होतं की एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून कोणाचा जीव घेतला तरीही दाद नाही का? सरकारच्या बाजूने उत्तर आलं: नाही. एकटे खन्ना विरोधात गेले. पुढच्या वर्षी त्यांना डावलून त्यांच्याहून कनिष्ठ न्यायमूर्तींना सरन्यायाधीश केलं गेलं आणि त्यांनी राजीनामा दिला. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २० आणि २१ आणीबाणीतही स्थगित करता येणार नाहीत अशी तरतूद केली. तो बहुमताचा निकाल स्पष्टपणे पुसला जायला मात्र ऑगस्ट २०१७ उजाडावा लागला. खासगीपणाचा हक्क मूलभूत आहे असं नऊ न्यायमूर्तींनी एकमताने म्हटलं, तेव्हा.

त्या २०१७ च्या निकालाने जी कसोटी पक्की केली ती पाठच करावी, असं मी कनिष्ठ वकिलांना सांगते. बंधन घालायला आधी कायदा हवा, कोणाची मर्जी चालणार नाही. उद्देश वैध हवा. आणि साधलेला उद्देश व हिरावलेलं स्वातंत्र्य यांत प्रमाण हवं; कमी बंधनात काम भागत असेल तर जास्त घालता येत नाही. जानेवारी २०२० मध्ये काश्मीरमधल्या इंटरनेटबंदीच्या प्रकरणात आणखी एक साधी पण मोलाची गोष्ट आली: बंदीचे आदेश प्रसिद्ध केलेच पाहिजेत. आदेशच पाहायला मिळाला नाही तर माणूस आव्हान कशाला देणार?

आता पहिला प्रश्न, कोणता अपाय मोजायचा. इथे मी एक फरक आग्रहाने करते. एखादी गोष्ट न आवडणं वेगळं आणि तिच्यामुळे माझं काही हिरावलं जाणं वेगळं. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. मुंबई बंदबद्दल एकीने फेसबुकवर नाराजी लिहिली होती, दुसरीने ती लाइक केली होती. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ त्यात लावलं गेलं. त्यात 'त्रासदायक' किंवा 'गैरसोयीचा' मजकूरही गुन्हा ठरत होता. मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केलं आणि सांगितलं की चर्चा करणं आणि एखाद्या मताचा पुरस्कार करणं कितीही अप्रिय असलं तरी त्याला संरक्षण आहे. चिथावणीपर्यंत गेल्यावरच निर्बंधाचा प्रश्न येतो. त्रास होणं हा निकष धरला तर ज्याची कातडी सर्वांत पातळ, त्याच्या हातात सगळ्यांची मर्यादा जाते.

याउलट बदनामीचा कायदा टिकला. २०१६ मध्ये फौजदारी बदनामीची तरतूद न्यायालयाने वैध ठरवली, कारण प्रतिष्ठा हाही अनुच्छेद २१ चा भाग आहे. बदनामी झाल्यास भरपाई द्यावी हे मला मान्य आहे. त्यासाठी तुरुंगाची शिक्षा असावी हे नाही. एका लेखासाठी चार शहरांतल्या न्यायालयांत खेटे घालणारा माणूस पाहिला की समजतं, शिक्षा बऱ्याचदा निकालाआधीच भोगून झालेली असते.

लाउडस्पीकरचा वाद मला या सगळ्यात शिकवायला सर्वांत सोपा वाटतो. रात्री दहा ते सकाळी सहा ही बंदीची वेळ २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांतून आली. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. जुलै २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की बोलण्याचा हक्क आहे, पण दुसऱ्याच्या कानात आणि मनात घुसण्याचा नाही. इथे अपाय मोजता येतो. तो झोपेचा असतो, आजारी माणसाच्या रक्तदाबाचा असतो, अभ्यास करणाऱ्या मुलाचा असतो. निर्बंधही आवाजावर आहे, तुम्ही काय म्हणता त्यावर नाही. चांगल्या मर्यादेची ही खूण आहे.

स्वतःच्याच जिवाला धोका असेल तर? हेल्मेटची सक्ती मला मान्य आहे. कारण ती लहान आहे, सगळ्यांना सारखी आहे आणि डोकं फुटल्यावर होणारं नुकसान भरून निघत नाही. पण शरीराच्या बाबतीत सक्ती फार लवकर मोठी होते. मे २०२२ मध्ये लसीकरणाच्या प्रकरणात न्यायालयाने घेतलेली भूमिका मला योग्य वाटते: कोणाला जबरदस्तीने लस टोचता येणार नाही, पण इतरांना असलेल्या धोक्याच्या प्रमाणात सरकार काही निर्बंध घालू शकतं, आणि तसा धोका नसेल तर ते मागे घ्यावेत.

इथवर बोलले ते सरकारबद्दल. सरकारशी भांडायला निदान चौकट आहे: कायदा दाखव म्हणता येतं, कारण विचारता येतं, वर दाद मागता येते. पण माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांचं स्वातंत्र्य सरकारने घेतलेलं नसतं. ते घरात गेलेलं असतं. घरातल्या बंधनाला लेखी आदेश नसतो, सुनावणी नसते, अपील नसतं. 'लोक काय म्हणतील' हे कारण दिलं जातं आणि ते लोक कोण, ते कधीच समोर येत नाहीत.

मुंबईच्या न्यायालयाने हा प्रश्न फार पूर्वी पाहिला आहे. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं होतं. नांदायला जायला त्यांनी नकार दिला, तेव्हा नवऱ्याने १८८४ मध्ये दावा लावला. १८८५ मध्ये न्या. पिन्हे यांनी तो फेटाळला. लहानपणी संमतीशिवाय झालेल्या लग्नासाठी एका सज्ञान स्त्रीला नवऱ्याच्या घरी पाठवणं त्यांना क्रूर वाटलं. अपिलात निकाल फिरला आणि १८८७ मध्ये आदेश झाला की नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद. रखमाबाईंनी कैद पत्करेन असं सांगितलं. १८८८ मध्ये पैशांच्या तडजोडीवर प्रकरण मिटलं, त्या इंग्लंडला गेल्या आणि डॉक्टर होऊन परत आल्या. त्या वेळी मोठमोठे विद्वान त्यांच्या विरोधात उभे होते. युक्तिवाद एकच होता, की एका बाईला सूट दिली तर समाज मोडेल. समाज मोडला नाही. हा इतिहास मी पक्षकारांना मुद्दाम सांगते, कारण तोच युक्तिवाद आजही तसाच्या तसा केला जातो.

तो दावाही अजून जिवंत आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ खाली नवरा किंवा बायको 'नांदायला यावं' म्हणून दावा लावू शकते. १९८३ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवलं. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवलं. आज हुकूम झाला तरी पोलीस कोणाला उचलून सासरी नेऊन सोडू शकत नाहीत, फार तर मालमत्तेवर जप्ती येते. पण हे ठाऊक नसलेल्या मुली 'कोर्टाची नोटीस आली' एवढ्यावर घाबरून परत जातात. अज्ञानातून आलेली ही भीती कायद्यापेक्षा कितीतरी जास्त स्वातंत्र्य खाते.

लग्नाच्या बाबतीत कायदा बऱ्यापैकी स्पष्ट झाला आहे. २००६ मध्ये लता सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की सज्ञान माणूस आपल्या पसंतीने लग्न करू शकतो. आई-वडिलांना पटलं नाही तर ते फार तर संबंध तोडू शकतात, पण धमक्या, मारहाण, छळ करू शकत नाहीत. मला हा निकाल प्रामाणिक वाटतो, कारण तो आई-वडिलांचंही स्वातंत्र्य मानतो. मुलीच्या लग्नाला न जाण्याचा, तिच्याशी न बोलण्याचा हक्क त्यांना आहे. तिला खोलीत कोंडण्याचा नाही. २०१८ मध्ये तर न्यायालयाने केरळ उच्च न्यायालयाने रद्द केलेलं एका सज्ञान तरुणीचं लग्न पुन्हा वैध ठरवलं, आणि काळजीपोटी का होईना, न्यायालयालाही पालकाची जागा घेता येत नाही हे मान्य केलं.

अशा प्रकरणांत हेबियस कॉर्पस, म्हणजे 'या माणसाला न्यायालयात हजर करा' अशी याचिका, दाखल झाली की न्यायमूर्ती मुलीला चेंबरमध्ये बोलावतात, नातेवाईक आणि नवरा दोघांनाही बाहेर ठेवून तिची इच्छा विचारतात. ती काय म्हणते ते महत्त्वाचं, का म्हणते ते नाही. 'तिला विचार करायला वेळ मिळावा' म्हणून सज्ञान मुलीला काही दिवस महिला वसतिगृहात ठेवण्याची प्रथा मात्र मला खटकते. हेतू चांगला असतो, पण ज्या मुलीने 'मला जायचं आहे' असं स्वच्छ सांगितलं तिच्यासाठी तीही कोठडीच आहे.

घराबाहेर जातपंचायत असते. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला आणि तो २०१७ पासून अमलात आला. बहिष्कार टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. यावर सरळमार्गी माणसंही विचारतात की मग कोणाशी संबंध ठेवायचे हे ठरवण्याचं आमचं स्वातंत्र्य कुठे गेलं? १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच धर्तीचा १९४९ चा मुंबई राज्याचा कायदा रद्द केला होता, कारण धर्मपंथाला आपली शिस्त राखण्याचा हक्क आहे असं बहुमताला वाटलं. माझं उत्तर असं: तुम्ही एकटे शेजाऱ्याशी बोलला नाहीत तर तो तुमचा प्रश्न. पण सगळ्या वस्तीने ठरवून एका घराचं पाणी तोडलं, त्यांच्या मयताला खांदा द्यायला बंदी केली, बोलणाऱ्याला दंड लावला, तर ते तुमचं एकट्याचं स्वातंत्र्य राहत नाही. ती कायद्याबाहेरची शिक्षा झाली, आणि ती देणाऱ्याला कोणी न्यायाधीश नेमलेलं नसतं.

स्वातंत्र्याच्या नावाने टाळाटाळ करणारेही माझ्यासमोर येतात, आणि त्यांना मी तितकंच ठामपणे नाही म्हणते. पोटगी न भरणारा नवरा सांगतो, मला माझं आयुष्य जगायचं आहे. म्हाताऱ्या आईला घराबाहेर काढणारा मुलगा सांगतो, आमची प्रायव्हसी. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने मुलांवर पालनपोषणाची जबाबदारी टाकली आहे, आणि ती योग्यच आहे. पण जबाबदारी म्हणजे आज्ञापालन नव्हे. आईला औषधपाण्याचा खर्च मागता येतो. आईने सून निवडायची, असं त्यातून निघत नाही. घरात याच दोन गोष्टींची सरमिसळ होते: 'तुला वाढवलं, म्हणून आता आमचं ऐक.' वाढवण्याच्या बदल्यात सांभाळणं मागता येतं, आयुष्य नाही. अठरा वर्षांखालच्या मुलांचं वेगळं. तिथे पालकांचा शब्द जड असणारच, पण सोळा वर्षांच्या मुलालाही कारण सांगितलं तर काही बिघडत नाही.

सप्टेंबर २०१८ मध्ये व्यभिचाराचं कलम ४९७ रद्द झालं तेव्हा खूप जण चिडले. आता काहीही चालेल का, असं विचारू लागले. नाही. व्यभिचार आजही घटस्फोटाचं कारण आहे. फरक इतकाच की त्यासाठी तुरुंग नाही. प्रत्येक चुकीच्या गोष्टीला गुन्हा म्हणायची गरज नसते. काहींना नातं तुटणं हाच पुरेसा परिणाम असतो.

कायदा कितीही चांगला असला तरी वापरायला पायाखाली काहीतरी लागतं. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी बजावलं होतं की समता नसेल तर स्वातंत्र्यातून मूठभरांचं बहुतेकांवर वर्चस्व तयार होईल, आणि स्वातंत्र्य, समता, बंधुता यांना एकमेकांपासून तोडता येणार नाही. हे मला घटस्फोटाच्या फायलींत दिसतं. पगार घेणारी बाई मार खाऊनही पगार सासूच्या हातात देत असते, एटीएम कार्ड नवऱ्याच्या खिशात असतं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने आर्थिक छळ हाही हिंसाचार मानला आणि सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला, तो याचसाठी. राहायला जागा नसेल तर 'नाही' म्हणण्याचा हक्क कागदावरच राहतो.

म्हणून प्रश्न विचारणाऱ्या व्यक्तीला माझं सांगणं व्यावहारिक आहे. घरातल्या बंधनालाही तेच विचारा जे सरकारला विचारतो: हे कोणत्या अधिकाराने, कशासाठी, आणि याहून कमी बंधनात भागणार नाही का? उत्तर मिळालं आणि पटलं तर मान्य करा; रात्री उशिरा येणार असशील तर फोन कर, ही मागणी वाजवी आहे. उत्तर म्हणून फक्त आवाज चढला, तर ती मर्यादा पाळायची की नाही हे तुम्ही ठरवा.

आणि तयारी ठेवा. जन्मदाखला किंवा दहावीची सनद, आधार, पासपोर्ट स्वतःजवळ असू द्या, कारण सज्ञान असल्याचा पुरावा पहिल्या तासाला लागतो. बँक खातं फक्त आपल्या नावावर आणि मोबाइल नंबर आपला. विशेष विवाह कायद्याने लग्न करायचं असेल तर नोटिशीनंतर तीस दिवस थांबावं लागतं आणि ती नोटीस कार्यालयात लागते, हे धरून चाला. त्यावर हरकत घेता येते ती कायद्यातल्या कारणांवरच, आई-वडिलांची नापसंती त्यात बसत नाही. घर सोडलं आणि घरच्यांनी मिसिंगची तक्रार दिली तर लपून राहू नका. वकील किंवा विश्वासातली व्यक्ती सोबत घेऊन जवळच्या ठाण्यात जा आणि 'मी सज्ञान आहे, स्वतःच्या मर्जीने आले आहे' असा जबाब लिहून द्या, त्याची प्रत मागून घ्या. जिवाला धोका वाटत असेल तर ते त्याच जबाबात लिहा. मार्च २०१८ च्या शक्ती वाहिनी निकालाने अशा जोडप्यांसाठी जिल्ह्यात विशेष कक्ष आणि सुरक्षित निवाऱ्याची व्यवस्था करायला सांगितलं आहे, त्याचा उल्लेख करून संरक्षण मागा. ठाण्यात ऐकलं नाही तर तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना पाठवा, आणि तिथेही नाही झालं तर उच्च न्यायालयात याचिका करता येते. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मिळतो, आणि स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.